मृगाआधीची बेगमी

रोहिणी निघाली, मृग तोंडावर आला. या दिवसांत आपल्या आज्या घर भरून ठेवायच्या. माळ्यावर शेणी आणि वाळलं जळण, कणगीत भात, बरणीत चटणी, आणि कोपऱ्यात रॉकेलचा डबा. भुदरगडात पाऊस एकदा बसला की आठ-आठ दिवस उघडत नाही. वेदगंगा फुगली की निळपण, वाघापूरचे बंधारे पाण्याखाली जातात आणि पाटगावकडच्या वाड्यांना गारगोटी लांबची होते. म्हणून ती बेगमी. तिच्यात विजेचा विचारच नव्हता, कारण वीजच नव्हती.

वीज गेली तर काय होतं, हे महाराष्ट्रानं मोठ्या प्रमाणावर पाहिलं ते ११ डिसेंबर १९६७ ला. पहाटे चारच्या सुमाराला कोयनानगरला भूकंप झाला. दीडशेवर माणसं गेली, हजारो घरं पडली. धक्का आपल्याकडंही जाणवला. कोयनेची वीज बंद पडली आणि तिकडं मुंबईतले कारखाने थांबले. पण खेड्यातल्या बहुतेक घरांत त्या संध्याकाळी चिमणी रोजच्यासारखीच लागली. पाणी आडाचं होतं, पीठ जात्यावरचं होतं. भूकंपानं घर पाडलं असेल, पण विजेवाचून घर अडलं नाही.

पुढं गावोगाव तारा आल्या. त्या यायलाच हव्या होत्या. जात्याचं कौतुक करणाऱ्यांनी पहाटे उठून पायलीभर दळून बघावं, मग बोलावं. विजेनं बाईचं दळण वाचवलं, रहाट ओढणं वाचवलं, पोरींना रात्री अभ्यासाला उजेड दिला. मात्र एक गोष्ट आपल्या ध्यानात न येता घडली. मोटर आली, टाकी आली, दारात नळ आला, आणि आडाकडं जाणं थांबलं. कुठं आड कचऱ्यानं भरला, कुठं त्यावर फरशी टाकली. चूल मागं पडली, गॅस आला. रेशनचं रॉकेल कमी होत होत बंद झालं, कंदील अडगळीत गेला. जुनी सोय एकेक करून मोडली, आणि तिच्या जागी एकच तार उरली.

ती तार तुटली की काय होतं, हे २००५ च्या पुरात थोडं आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पुरतं कळलं. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. विजेची उपकेंद्रं आणि डीप्या पाण्यात बुडाल्या. कितीतरी ठिकाणी पुरवठा मुद्दाम बंद करावा लागला, कारण पाण्यात तार चालू ठेवणं म्हणजे माणसं मारणं. कोल्हापूर-सांगलीत मिळून लाखांवर घरं अंधारात होती. पण बायकांचे हाल अंधारानं कमी आणि पाण्यानं जास्त झाले. शिंगणापूर, बालिंग्याचे पाणी उपसा पंप बुडाले, आणि पुरानं वेढलेल्या शहरात प्यायला पाणी नाही, अशी पाळी आली. घागरी घेऊन टँकरपाशी उभं कोण राहिलं, ते सांगायला नको. जुलै २०२१ ला हेच पुन्हा झालं.

त्याच वर्षी १ सप्टेंबरच्या रात्री आपल्या तालुक्यातलं मेघोलीचं धरण फुटलं. एका बाईचा जीव गेला, जनावरं वाहिली, उभी पिकं गेली. रात्रीची वेळ होती, हे विसरून चालणार नाही. अशा वेळी बॅटरी कुठं आहे हे शोधत बसायला सवड नसते. ती दाराजवळ एका खिळ्याला लटकलेली हवी, आणि घरातल्या लहान पोराला सुद्धा तो खिळा माहीत हवा.

तर आता बेगमीत काय धरायचं? आधी पाणी. आपत्तीत माणशी दिवसाला निदान १५ लिटर पाणी लागतं, असा हिशेब जगभरच्या मदत संस्था धरतात. पाच माणसं, तीन दिवस, म्हणजे सव्वादोनशे लिटर. एक मोठं बॅरल आणि दोन-तीन कळशा. पाऊस जोर धरतोय असं दिसलं की वीज असतानाच भरून झाकून ठेवायचं. आशाताईंकडून मेडिक्लोरची बाटली आणून ठेवायची, तेही नसेल तर पाणी उकळायचं. दळण पंधरवड्याचं आधीच आणायचं, गिरणीही विजेवरच चालते. गॅसला वीज लागत नाही, हे बरं आहे. पण रस्ता बंद झाला की सिलिंडरची गाडी येत नाही, म्हणून एक चूल आणि कोरडं जळण राहू द्या. चूल पेटवताना, मेणबत्ती लावताना खिडकी उघडी असू द्या.

घरात कुणाला इन्सुलिन असेल तर फ्रीज बंद पडल्यावर ते कोऱ्या मडक्यात, ओल्या कापडाच्या गारव्यात ठेवता येतं. बाटलीला मात्र पाणी लागू द्यायचं नाही. मोबाइलचं चार्जिंग जपा, पण टॉवरच बंद पडला तर मोबाइल नुसता खेळणं होतो. त्यासाठी सेलवरचा रेडिओ. (आमचीच जाहिरात म्हणा हवं तर.) महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा: जिल्हा आपत्ती कक्ष १०७७, वीज तक्रार १९१२.

घरात पाणी शिरायची चिन्हं दिसली की मेन स्विच बंद, आणि तोही हातपाय कोरडे असताना. पूर ओसरला, गल्लीत दिवे आले, म्हणून लगेच बटण दाबायचं नाही. भिंत ओली असते, बोर्डात चिखल असतो. आधी वायरमनला दाखवायचं.

आणि आपल्या गल्लीतला तो जुना आड किंवा हातपंप. यंदाच्या ग्रामसभेत तेवढं एक विचारा: तो उपसून, पाण्याची तपासणी करून मृगाआधी चालू होईल का, आणि त्याचा पोहरा-दोर कुणाच्या घरी ठेवायचा.