पार्कची जागा
ओल्डस्मोबाइलच्या 1940 सालच्या मोटारींत हायड्रामॅटिक ही स्वयंचलित गिअरबॉक्स अवतरली, तेव्हा तीत 'पार्क' ही जागाच नव्हती. इंजिन बंद करून दांडा 'रिव्हर्स'वर ठेवावा, म्हणजे चाके जखडतात, अशी तजवीज होती. 1948 च्या ब्यूइक डायनाफ्लोने पार्कला स्वतंत्र स्थान दिले खरे, परंतु रिव्हर्स 'लो'च्या शेजारी, पंक्तीच्या शेवटी बसविला, आणि दांड्याच्या एका चुकार हिसक्याने पुढे निघालेला मागे जावा, असा हा विलक्षण शेजार! पुढे आणि मागे यांच्यामध्ये 'न्यूट्रल' हवाच, हा अमेरिकी सरकारचा दंडक 1968 साली अंमलात आला. पार्कमध्ये मात्र आजही गाडीचा भार एका लहानशा पोलादी दातावर येतो. म्हणून उतारावर पाय ब्रेकवर ठेवून आधी हँडब्रेक ओढावा, मगच दांडा पार्कवर न्यावा, नाहीतर निघताना तो दात खाडकन सुटतो.