जुन्या चित्रकथांचा सौदा आणि त्याचे संकेत

मराठी मुलुखात जुन्या चित्रकथांचा व्यवहार सुरू झाला तो रद्दीच्या तराजूवर. अंक कोणत्या वर्षाचा, चित्रे कोणाची, हे तिथे कोणी विचारत नसे. कागद कोरडा असला आणि वजन भरले की झाले. त्याच गठ्ठ्यातून निवडक अंक बाजूला काढून दुप्पट-तिप्पट भावाने विकता येतात, हे रद्दीवाल्यांच्या ध्यानात आले आणि मुंबईत फोर्टच्या पदपथावर, माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुन्या पुस्तकांबरोबर चित्रकथाही मांडल्या जाऊ लागल्या. सचोटीचा प्रश्न इथपासून सुरू होतो. तराजूवर फसवणूक फक्त मापाची होऊ शकते. अंक एकेक करून विकला जाऊ लागला की विकणाऱ्याला ठाऊक असलेली आणि घेणाऱ्याला न दिसणारी प्रत्येक गोष्ट भावात शिरते.

या बाजारातला मुख्य माल तीन ठिकाणांहून आला. मद्रासच्या ‘चांदामामा’ची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ १९५२ पासून निघू लागली. ती काटेकोरपणे चित्रकथा नव्हे, सचित्र गोष्टींचे मासिक. पण संग्राहक तिला याच कपाटात ठेवतात. मार्च १९६४ मध्ये बेनेट, कोलमन आणि कंपनीने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. सुरुवातीला किंमत ६० पैसे आणि नायक एकच, वेताळ. मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन नंतर आले, आणि आबिद सुरतींचा बहादूर डिसेंबर १९७६ मध्ये. मासिकाचे पाक्षिक, पाक्षिकाचे साप्ताहिक होत ही मालिका १९९० मध्ये थांबली. १९६७ मध्ये अनंत पै यांची ‘अमर चित्र कथा’ आली. तिच्यासाठी राम वाईरकर, प्रताप मुळीक अशा मराठी चित्रकारांनी भरपूर काम केले.

सोलापूर जिल्ह्यात, वेळापूर-अकलूजच्या बाजूला, असे अंक येण्याच्या वाटा इतर ग्रामीण भागासारख्याच होत्या: एसटी स्थानकावरचा स्टॉल, वर्तमानपत्राचा एजंट आणि उन्हाळ्याच्या सुटीत मुंबई-पुण्याहून येणारी पाहुण्यांची पोरे. विकत घेण्यापेक्षा अदलाबदल जास्त चाले. सुटीत घरच्या ओट्यावर वाचनालय काढून काही पैसे भाड्याने अंक देणारी मुले गावोगाव असत. मुखपृष्ठ फाटलेला अंक धड अंकाच्या बदल्यात चालत नाही आणि शेवटचे पान नसेल तर ते आधी सांगायचे, हे दोन नियम मुलांनी स्वतःच घालून घेतले होते. पुढच्या बाजाराने त्यात फारशी भर घातली नाही.

सौद्याच्या रीतीभाती मात्र या पट्ट्याला नव्या नव्हत्या. सांगोल्याचा जनावरांचा बाजार आणि अकलूजचा घोडेबाजार प्रसिद्ध आहेत. जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची पद्धत महाराष्ट्रभर होती. हात उपरण्याखाली आहेत तोवर तिसऱ्याने मध्ये बोली लावायची नाही. भाव जमला की इसार द्यायचा, आणि इसार घेतल्यावर जास्त पैसे देणारा आला म्हणून शब्द फिरवायचा नाही. बैल बसका असेल, मारका असेल, तर ती खोड सांगून विकणारा भला माणूस मानला जाई. न सांगणाऱ्याच्या दावणीकडे पुढच्या वर्षी गिऱ्हाईक फिरकत नसे. जुन्या अंकांच्या व्यवहारात यातले बहुतेक सगळे जसेच्या तसे लागू पडते. वगळला गेला तो फक्त भावाचा गुप्तपणा, आणि ते बरेच झाले.

अंकांच्या खोडी ओळखणे बैलापेक्षा कठीण. ‘अमर चित्र कथा’चा ‘कृष्ण’ हा ११ व्या क्रमांकाचा अंक. आधीचे दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांचे होते. त्यामुळे ‘पहिला अंक’ म्हणून विकायला काढलेली प्रत नेमकी कोणती, हे विचारावेच लागते. शिवाय या मालिकेचे अंक वर्षानुवर्षे पुन्हा छापले गेले. चित्र तेच, नाव तेच, फक्त छापील किंमत आणि पत्ता बदललेला. पुनर्मुद्रण विकण्यात गैर काही नाही, पण ते पहिली छपाई म्हणून विकणे हा या व्यवहारातला सर्वांत जुना अपराध. ‘इंद्रजाल’ची गंमत उलटी आहे. त्याचे १२३ आणि १२४ हे अंक संपामुळे निघालेच नाहीत. तेव्हा ‘सगळे अंक असलेला संच’ असे सांगून हेही क्रमांक मोजणारा विक्रेता एक तर अडाणी असतो, नाही तर लबाड. ४४४ व्या अंकानंतर क्रमवार आकडा जाऊन खंड आणि अंक अशी मोजणी आली, तिथेही घोटाळा होतो.

मग शारीरिक दोष. गंजलेल्या पिना, कसरीची भोके, मधून कापून घेतलेले कूपन, पेनाने भरलेले शब्दकोडे. बांधीव संच दिसायला देखणा, पण बांधणाऱ्याने कडा छाटलेल्या असतात आणि पाठीत टाके घातलेले असतात. सुट्या अंकाचा भाव त्याला मिळत नाही. रंगीत झेरॉक्सची सोय आल्यावर नवा प्रकार निघाला: आतली पाने अस्सल आणि मुखपृष्ठ नकली. स्वतःच्या संग्रहासाठी असे करणे माफ, विकताना न सांगणे माफ नाही. अमेरिकेत दुरुस्त केलेल्या अंकांना तपासणी संस्था वेगळ्या, जांभळ्या रंगाचे लेबल लावतात, त्यामागेही हाच विचार आहे. तिथे १९७० पासून ओव्हरस्ट्रीट यांची दरसूची निघते, आणि १० सेंटला विकल्या गेलेल्या ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या १९३८ सालच्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली. मराठी अंकांचे आकडे त्याच्या आसपासही नाहीत. पण हातोहात फिरून चिंध्या झालेल्या मराठी प्रतींमधून धड अंक मिळणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि भाव बोलण्यावर ठरत असल्याने बोलणाऱ्याच्या खरेपणाला इथे अधिक महत्त्व येते.

कायदा याबाबत किती मागतो? १८७२ च्या करार कायद्यातील कलम १७ प्रमाणे नुसते गप्प राहणे ही फसवणूक ठरत नाही, बोलण्याचे कर्तव्य असेल तेवढे प्रसंग सोडून. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे कलम १६ पाहून घेण्याची जबाबदारी मुळात खरेदीदारावर टाकते. संग्राहकांचा संकेत याहून कडक आहे: दिसत नाही ते सांगायचे. वाद उरतो तो उलट्या बाजूचा, म्हणजे खरेदीदाराला जास्त कळत असेल तेव्हाचा. रद्दीवाल्याकडे दहा रुपयांत दुर्मीळ अंक मिळाला तर घासाघीस न करता पैसे मोजून निघणे बहुतेकांना रास्त वाटते. तो व्यापारी आहे, भाव त्याने लावला. घरातले माणूस गेल्यावर त्याचे कपाट रिकामे करणाऱ्या कुटुंबाला मात्र ‘हे काय, जुने कागद आहेत’ असे सांगून गठ्ठा उचलणे जाणकारांत हलके मानले जाते, आणि योग्यच मानले जाते.

वाचनालयाच्या शिक्क्याचा प्रश्न वेगळा. बाद केलेली पुस्तके वाचनालये रीतसर विकतात. तशी नोंद प्रतीवर असली तर हरकत नाही. नुसताच शिक्का असेल तर ती प्रत परत न केलेलीही असू शकते. ज्याची मालकी नाही त्याला मालकी देता येत नाही, हे त्याच वस्तुविक्री कायद्याचे कलम २७ सांगते. त्यामुळे शिक्का खोडलेला वा कापलेला अंक चांगले संग्राहक घेत नाहीत.

गावाबाहेरच्या गिऱ्हाइकाशी व्यवहार पूर्वी पोस्टाने, बहुधा व्ही.पी.ने होई. यात विक्रेता आधी खर्च करी आणि पैसे पाकीट सोडवल्यावर मिळत. मागवून न सोडवणाऱ्या गिऱ्हाइकाचे नाव विक्रेते एकमेकांना कळवत. आता पैसे आधी मोबाइलवरून जातात, त्यामुळे भरवशाचे ओझे विक्रेत्यावर आले आहे. पाठ, मधल्या पिना आणि शेवटचे पान यांची छायाचित्रे मागण्याआधीच पाठवणे, प्लॅस्टिकच्या पिशवीत पुठ्ठा घालून अंक बांधणे ही आता किमान अपेक्षा आहे. मन बदलले म्हणून अंक परत केला जात नाही. वर्णनाशी जुळला नाही तर केला जातो, आणि परतीचा टपालखर्च विक्रेता सोसतो.