६१७४ आणि देवळालीचे मास्तर

मंडळी, कागद-पेन्सिल घ्या. मोबाईलचं कॅल्क्युलेटर नको.

आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला ते साल १९९९. हे चार अंक आधी उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच करा.

९९९१ − १९९९ = ७९९२
९९७२ − २७९९ = ७१७३
७७३१ − १३७७ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता पुढची करा: ७६४१ − १४६७ = ६१७४. गाडी तिथून हलतच नाही!

तुमच्या जन्मसालाचंही हेच होणार. चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत मुक्काम ६१७४. वाटेत तीन अंकी उत्तर आलं तर पुढे शून्य धरायचं.

यात चमत्कार काही नाही. उत्तर दोनच फरकांवर ठरतं. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०. अशा फरकांच्या जोड्या होतात फक्त ५४. म्हणजे हजारो संख्यांचा पसारा एका दुपारी, वहीत, हाताने तपासता येतो.

हे पाहिलं ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५, डहाणूचा. १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ची गोष्ट सांगितली. आमचा मराठवाडा आदल्याच वर्षी निजामाच्या राजवटीतून सुटला होता.

त्यांचा हा नाद आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना पोरखेळ वाटला. १९७५ साली अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. मास्तर तेव्हा सत्तरीचे. १९८६ साली ते गेले.

अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला नि:शेष भाग जातो, तिला त्यांनी नाव दिलं 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८, आणि १८ गुणिले ३४३ बरोबर ६१७४. ती स्वतःही हर्षदच!

मी इतिहासाचा मास्तर. एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. माझ्या तासाला मागच्या बाकावरचा एक मुलगा इतिहासाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आकडेमोड करत बसायचा. मी एकदा ते पान फाडलं. "परीक्षेत येणार आहे का हे?" असं विचारलं. वर्ग हसला. पुढे त्याने ते कधी केलं नाही, निदान माझ्यासमोर तरी. त्या पानावर काय होतं, हे मी पाहिलंसुद्धा नाही.

कापरेकर मास्तर असते तर आधी पान वाचलं असतं, असं आता वाटतं.

असो. घरात नातवंडं असतील तर आज त्यांच्याकडून ही वजाबाकी करून घ्या. आणि वहीच्या शेवटच्या पानावर काही खरडलेलं दिसलं, तर रागवायच्या आधी जरा वाचून पाहा.