८२.३ टक्के: एका पेन्शन फंडाची गोष्ट

पेन्शन फंडाचा ताळेबंद वाचायला बसलात की आधी एक आकडा शोधा: परताव्याचा दर किती धरलाय? समजा, वीस वर्षांनी निवृत्तांना १०० रुपये द्यायचेत. आठ टक्के धरले तर आज साधारण २१ रुपये बाजूला ठेवून भागतं; पाच टक्के धरले तर जवळजवळ ३८ लागतात. देणं तेच, माणसं तीच, बदललं ते फक्त विश्वस्तांचं गृहीतक. (गणित स्वतः करून बघाच.)

आता कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोला चला. १९९६ मध्ये शहर प्रशासनाने पेन्शन मंडळापुढे सौदा ठेवला: कर्मचाऱ्यांचे लाभ वाढवतो, पण अॅक्चुअरी सांगेल तेवढी वर्गणी काही वर्षं भरणार नाही, कमी भरू. मंडळाने हो म्हटलं. मंडळावरचे बरेच जण स्वतःच शहराचे कर्मचारी होते, वाढीव पेन्शन त्यांनाही मिळणार होती, हे विसरू नका. एक अट मात्र होती. निधी एकूण देण्याच्या ८२.३ टक्क्यांखाली घसरला तर शहराने एकरकमी भर टाकायची.

बाजार चढता होता तोवर सगळं ठीक. २००० नंतर तो कोसळला आणि २००२ मध्ये निधी त्या रेषेजवळ येऊन ठेपला. मग काय, अटच सैल केली, वर लाभ पुन्हा वाढवले! डायअॅन शिपिओनी या विश्वस्त बाईंनी उघड विरोध केला, पण बहुमत दुसरीकडे होतं.

अमेरिकेच्या रोखे नियामकाचा, म्हणजे एसईसीचा, २००६ चा आदेश जरूर वाचा. २००२ च्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला तूट २८.४ कोटी डॉलर होती; २००९ पर्यंत ती २०० कोटींवर जाईल असा अंदाज होता. शहर रोखे विकत होतं, पण गुंतवणूकदारांना हे नीट सांगितलंच नव्हतं.

तूट लपायला जागाही होती. तेव्हाच्या नियमांनुसार ती ताळेबंदात पूर्ण दिसायची नाही, मागच्या टिपांमध्ये असायची. सरकारी लेखामानकं ठरवणाऱ्या जीएएसबीने २०१२ मध्ये ६८ क्रमांकाचं मानक आणलं, तेव्हा कुठे निव्वळ पेन्शन देणं थेट ताळेबंदात आलं.

प्रबंधासाठी अशी प्रकरणं शोधत असाल तर मंडळाची इतिवृत्तं आणि त्याच वर्षाचा अॅक्चुअरीचा अहवाल शेजारी ठेवा. अहवाल मात्र शेवटून वाचा, गृहीतकं परिशिष्टात असतात.