भोंगा ते पाच पेट्या

आंजी (मोठी) येथील काही तरुण मित्रांनी यंदा आम्हांला एक प्रश्न विचारला. घरच्या संगणकाला चहूबाजूंनी ऐकू येणारे स्पीकर लावायचे आहेत, खिसा लहान आहे. तर काय घ्यावे आणि कसे मांडावे? उभे आयुष्य कामगार संघटनेत घालविलेल्या माणसाला हे का विचारावे, असे श्रोत्यांना वाटेल. पण या बाबतीत आम्ही ठेच खाल्लेली आहे. ती का लागली हे कळावे म्हणून आम्हांला या विद्येचा इतिहास धुंडाळावा लागला. तोच आज मांडतो.

आमची पिढी भोंग्याखाली वाढली. पुलगाव-हिंगणघाटच्या गिरण्यांच्या दारात सभा व्हायची ती एका कर्ण्यावर. एक तोंड आणि हजार कान, असा तो हिशेब. कर्णा आवाज दूर फेकतो, पण बोलणारा डावीकडे आहे की उजवीकडे हे सांगत नाही. सभेला त्याची गरजही नसते. बोलपट आला तोही असाच एकतोंडी. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला. परंतु नट पडद्याच्या कोणत्याही कोपऱ्यात असो, आवाज यायचा तो एकाच ठिकाणाहून.

ही उणीव त्याच १९३१ साली इंग्लंडातील अ‍ॅलन ब्लमलाइन या अभियंत्याला खुपली. पत्नीसह बोलपट पाहताना ती त्याच्या ध्यानात आली, असे सांगतात. डिसेंबरात त्याने दोन वाटांनी आवाज टिपण्याच्या आणि ऐकविण्याच्या युक्तीसाठी पेटंटचा अर्ज केला. तत्त्व साधे आहे. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो. तेवढ्या फरकावरून मेंदू दिशा ठरवितो. त्याआधी १८८१ साली पॅरिसच्या प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेराचे गायन दोन टेलिफोनांवरून दोन कानांना ऐकविले होते, ती या मार्गावरची पहिली पायरी. ब्लमलाइन १९४२ साली रडारच्या चाचणीत विमान कोसळून वयाच्या ३८ व्या वर्षी गेला. अशा दुहेरी आवाजाच्या तबकड्या बाजारात रुळायला १९५८ साल उजाडले.

पुढे दोहोंचे पाच झाले. १९४० साली डिस्नेच्या ‘फँटेशिया’साठी वेगळी स्पीकरव्यवस्था झाली, पण ती इतकी खर्चाची की मोजक्याच थिएटरांना पेलली. १९७५ साली मुंबईच्या मिनर्व्हात ‘शोले’ ७० मिलिमीटरच्या पडद्यावर बहुमार्गी आवाजासह झळकला. १९९२ साली चित्रपटगृहांत डिजिटल ५.१ आली: समोर तीन, बाजूंना जरा मागे दोन, आणि ‘दशांश एक’ म्हणजे केवळ खर्जाचा डबा. डीव्हीडीबरोबर हीच मांडणी घरात शिरली, आणि संगणकाच्या मदरबोर्डवरच सहा वाटांची सोय येऊ लागल्यावर ती लहान खिशाच्या आवाक्यात आली.

आता आमची ठेच. संघटनेच्या कचेरीत सभासदांच्या वर्गणीतून संगणक आला, तेव्हा एका दुकानातून आम्ही पाच पेट्या व एक खर्जाचा डबा उचलला. खोक्यावर हजारो वॉट छापलेले, आणि शेजारी बारीक अक्षरात ‘पीएमपीओ’. घरी येऊन मागची पट्टी वाचली, तर सारा संच विजेच्या तारेतून घेत होता अवघे साठ वॉट! जो साठ घेतो तो हजारो देणार कोठून? कागदावरचा पगार आणि हातात पडणारा पगार यांतील फरक आम्ही जन्मभर कामगारांना समजाविला, आणि स्वतः मात्र खोक्यावरच्या आकड्याला भुललो. हातात पडणारा आकडा म्हणजे ‘आरएमएस’. दुकानात तोच विचारावा. अमेरिकेतही अशा फुगविलेल्या आकड्यांना आळा घालणारा नियम १९७४ साली करावा लागला, म्हणजे हा रोग आमच्याच बाजारचा नव्हे.

दुसरी चूक सर्वस्वी आमची. पाचही पेट्या आम्ही एका फळीवर ओळीने मांडल्या. मधली पेटी फायलींच्या आड गेली. संगणकाला दोनच पेट्या आहेत असे सांगून ठेवलेले, म्हणून ती मुकीच राहिली. आमच्यात मागखात्यात तीस वर्षे काढलेले एक वडीलधारे सभासद होते. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान अधू झालेले. ते चित्रपट पाहायला येत, नटांच्या ओठांवरून शब्द ओळखू पाहत, आणि काही न बोलता उठून जात.

एके दिवशी आंजीचा, मंडप-डेकोरेशनच्या कामावरचा एक पोरगा आला. म्हणाला, “काका, या तर साऱ्या एकाच खाटेवर निजवल्या जी!” त्याने सुतळी मागितली. सुतळीचे एक टोक खुर्चीला बांधून त्याने सर्व पेट्या सारख्या अंतरावर ठेविल्या, कारण एक मीटर चालायला आवाजाला सेकंदाचा सुमारे ३४० वा भाग लागतो आणि कानाला तेवढाही फरक कळतो. मधली पडद्याखाली, डावी-उजवी अशी की त्या दोन आणि खुर्ची मिळून समभुज त्रिकोण व्हावा, उरलेल्या दोन कानांच्या रेषेच्या थोड्या मागे, दोन बाजूंना. उंची कानाची. खर्जाचा डबा समोर जमिनीवर, पण कोपऱ्यात नव्हे. तेथे तो घुमतो. अगदी खालच्या आवाजाची दिशा कानाला कळत नाही, म्हणून एकच डबा पुरतो आणि बाकीच्या पेट्या लहान चालतात. स्वस्त संच मुळात शक्य झाला तो यामुळेच. मग हिरवी पिन समोरच्यांची, काळी मागच्यांची, केशरी मधलीची आणि खर्जाची, अशा पिना लावून संगणकात ५.१ निवडले, एकेक पेटी वाजवून पाहिली आणि मधलीचा आवाज थोडा वाढविला. चित्रपटातील संवाद बहुतेक तिच्यातूनच येतात.

त्या दिवशी आमचे वडीलधारे शेवटपर्यंत बसले. खर्च झाला तो सुतळीचा. गिरणीने घेतलेल्या कानांची भरपाई त्यांना मिळाली नव्हती. निदान उरलेल्या कानांचा हक्क आमच्या अज्ञानाने वर्षभर अडविला होता, तो सुटला.

तेव्हा मित्रहो, आधी आपण काय ऐकतो ते पाहा. गाणी आणि भाषणे बहुधा दोनच वाटांची असतात. त्यांना पाच निकृष्ट पेट्यांपेक्षा दोन चांगल्या बऱ्या. पैसे थोडे असतील तर समोरच्या पेट्यांवर खर्चा. टिनाच्या छताखाली, उघड्या भिंतींत आवाज आदळतो. तेथे गोधडी टांगा. मे महिन्यात कूलरची घरघर मागच्या पेट्यांना गिळते, हे ध्यानात ठेवा. भजनाला आपण गोल बसतो: खंजिरी एका अंगाला, टाळ दुसऱ्या अंगाला, गाणारा समोर. कोणी कोठे बसावे हे आपल्या गावाला पूर्वीपासून ठाऊक आहे. पेट्या मांडताना तेच ज्ञान वापरायचे, आणि ज्याला कमी ऐकू येते त्याची खुर्ची मध्यावर ठेवायची.