विकेंद्रित समाजमाध्यमे

विकेंद्रित समाजमाध्यमे म्हणजे एकाच कंपनीच्या ताब्यात नसलेली, परस्परांशी जोडलेल्या अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणारी समाजमाध्यमे होत. डायस्पोरा (२०१०) आणि मॅस्टोडॉन (२०१६) ही त्यांची ठळक उदाहरणे आहेत. खासगीपणा, आशयाचे नियमन आणि संपर्काची व्याप्ती या तिन्ही बाबतींत वापरकर्त्यांच्या अपेक्षा अनेकदा एकमेकींना छेद देतात.

रचना

या माध्यमांची रचना ई-मेलसारखी असते. एका सर्व्हरवरील सदस्य दुसऱ्या सर्व्हरवरील सदस्याशी संवाद साधू शकतो. त्यासाठी वापरला जाणारा ॲक्टिव्हिटीपब हा संकेत वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने जानेवारी २०१८ मध्ये प्रमाणित केला.

भारतातील प्रसार

ट्विटरने ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते निलंबित केल्यानंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये अनेक भारतीय वापरकर्ते मॅस्टोडॉनकडे वळले. जातिविषयक द्वेषपूर्ण मजकुराबाबत ट्विटर दुजाभाव करते, असा आरोपही त्या वेळी झाला. मुक्त सॉफ्टवेअर कार्यकर्त्यांनी सुरू केलेली 'प्राव' ही एक्सएमपीपीवर आधारित संदेशसेवा वापरकर्त्यांच्या सहकारी संस्थेमार्फत चालवण्याचा उद्देश आहे.

खासगीपणा

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. जाहिरातींसाठी माहिती गोळा केली जात नाही, म्हणून अनेकजण मॅस्टोडॉन पसंत करतात. तथापि, तेथील खासगी उल्लेख दोन्ही टोकांपर्यंत कूटबद्ध नसतात. सर्व्हरचालक ते वाचू शकतो. त्यामुळे कंपनीवरील विश्वासाची जागा सर्व्हरचालकावरील विश्वास घेतो.

आशयाचे नियमन

२ जून २०१४ रोजी पुण्यातील हडपसर भागात, फेसबुकवरील आक्षेपार्ह चित्रांवरून उसळलेल्या तणावात माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील एका मुस्लिम तरुणाचा जमावाच्या मारहाणीत मृत्यू झाला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. विकेंद्रित जाळ्यावर अशी मर्यादा सर्वत्र लादणारी एकच संस्था नसते. सर्व्हरचालक आपल्या सर्व्हरवरील मजकूर हटवू शकतो किंवा दुसऱ्या सर्व्हरशी संबंध तोडू शकतो. इतरत्र पोहोचलेल्या प्रती मात्र तेथे राहू शकतात.

दुसरीकडे, शासकीय नियंत्रणाबाबतही आक्षेप आहेत. केंद्र शासनाविषयीचा मजकूर खोटा ठरवणाऱ्या तथ्यतपासणी कक्षाची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवली. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या माध्यमांवर अतिरिक्त जबाबदाऱ्या आहेत. लहान सर्व्हर या मर्यादेच्या आत राहत असले, तरी तक्रार निवारण अधिकारी नेमण्यासारखी सर्वसाधारण कर्तव्ये सर्व मध्यस्थांना लागू आहेत.

संपर्काची व्याप्ती

मॅस्टोडॉनवर खाते दुसऱ्या सर्व्हरवर हलवल्यास अनुयायी सोबत नेता येतात, परंतु जुन्या नोंदी नेता येत नाहीत. सर्व्हर बंद पडल्यास त्यावरील लेखन नाहीसे होण्याचा धोका असतो. शिवाय नातेवाईक व सहकारी मोठ्या व्यावसायिक माध्यमांवरच असल्याने अनेक वापरकर्ते दोन्हीकडे खाती ठेवतात. सर्व्हरांमधील संबंध तुटल्यास मतभेदाशी काहीही संबंध नसलेल्या सदस्यांचाही परस्परसंपर्क खंडित होतो. म्हणूनच उपद्रवापासून संरक्षण आणि मुक्त संपर्क यांचा मेळ घालणे हा या माध्यमांपुढील प्रमुख प्रश्न मानला जातो.