दुखत नाही म्हणून कळत नाही : वर्धा जिल्हा आणि स्पर्शाची किंमत

आजच्या भागाची सुरुवात एका जुन्या प्रश्नाने करू. डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा या पाच ज्ञानेंद्रियांपैकी एकावर पाणी सोडायचं झालं, तर कोणतं सोडाल?

गप्पांमध्ये हा प्रश्न निघाला की डोळे आणि कान सोडायला कोणी तयार होत नाही. जिभेवरही बरेच जण अडतात. मग कोणी म्हणतं, वास गेला तरी चालेल. आणि कोणीतरी म्हणतंच, "स्पर्श जाऊ दे की. निदान काही दुखणार तरी नाही!"

वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात या प्रश्नाची दोन उत्तरं सापडतात. एक इंद्रिय इथल्या काही माणसांनी स्वतःहून बाजूला ठेवायचा प्रयत्न केला. दुसरं इथल्या कितीतरी माणसांचं आजाराने हिरावून घेतलं. आधी पहिल्याची गोष्ट.

१९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. या गावाचं नाव पुढे सेवाग्राम झालं. आश्रमाच्या एकादश व्रतांमध्ये एक व्रत होतं अस्वाद. जेवायचं ते शरीर चालावं म्हणून, औषध घेतात तसं. चवीसाठी नाही. स्वयंपाकघरात उकडलेल्या भाज्या, मसाला नाही, आणि गांधीजींच्या पानात कडुनिंबाची चटणी.

१९४२ च्या जून महिन्यात लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार आठवडाभर इथे पाहुणा म्हणून राहिला. तीच ती भाजी रोज समोर आल्यावर त्याने हात आखडता घेतला. गांधीजींनी विचारलं, भाजी आवडत नाही का? सलग तीन दिवस तीच चव नको वाटते, असं फिशरने सांगितल्यावर गांधीजींचा सल्ला काय, तर मीठ आणि लिंबू भरपूर घाला! म्हणजे चव मारून टाकायची का, असं फिशरने चिडवलं. छे, चव वाढवायची, असं गांधीजी हसत म्हणाले.

गंमत अशी की अस्वादाचं व्रत घेतलेल्या माणसालाही लिंबू कुठे पिळायचं ते पक्कं ठाऊक होतं. जीभ शाबूत होती, फक्त तिचे लाड बंद होते. चवीवाचून माणूस जगू शकतो, एवढं सेवाग्रामच्या पंगतीने दाखवलं. पण तिथे चव गेलेली नव्हती, ती आवरलेली होती. आवरलेली गोष्ट हवी तेव्हा परत मिळते.

स्पर्शाचं तसं नाही. आता दुसऱ्या गोष्टीकडे येऊ.

कुष्ठरोगाला आपल्याकडे महारोग म्हणत, रक्तपिती म्हणत. नॉर्वेच्या हॅन्सन या डॉक्टरने १८७३ मध्ये त्याचा जंतू शोधला. हा जंतू शरीराच्या थंड भागांत रमतो: त्वचा, नाक, कानाच्या पाळ्या आणि त्वचेच्या जवळून जाणाऱ्या नसा. कोपर कशावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना? तीच नस त्याच्या तावडीत बऱ्याचदा सापडते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा येतो. तो खाजत नाही, दुखत नाही. त्या जागेला आधी गरम-थंड कळेनासं होतं, मग हलका स्पर्श, मग वेदना. मराठीत अशा चट्ट्याला बधिर चट्टा म्हणतात. कानाला जो शब्द, तोच कातडीला. शब्द अगदी नेमका आहे, कारण ही कातडी खरोखर ऐकेनाशी झालेली असते.

आता असा हात घेऊन वर्ध्याच्या शेतात दिवस काढायचा. कापूस वेचताना वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना लागतात. तुम्ही-आम्ही लगेच हात मागे घेऊ. ज्याचा हात बधिर आहे तो घेत नाही. पायात बाभळीचा काटा मोडला तर तो त्यावरच चालत राहतो. चुलीवरचं पातेलं उघड्या हाताने उतरवलं जातं आणि कातडी भाजली हे फोड बघून कळतं. जखम झाली तरी कामाला सुटी नाही, कारण दुखत नाही. जखम चिघळते, पू हाडापर्यंत जातो, हाड झिजत जातं. लोक म्हणत, महारोगाने बोटं झडतात. खरं तर बोटं आपोआप झडत नाहीत. ती रोजच्या कामात, थोडी थोडी करून संपतात.

हे नीट उलगडून दाखवण्यात मोठा वाटा पॉल ब्रँड या सर्जनचा. भारतातच, तमिळ मुलुखात जन्मलेला हा डॉक्टर १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला. वाकलेली बोटं सरळ करण्यासाठी त्याने शस्त्रक्रिया केल्या. पण काही रुग्णांची बोटं रात्रीत कमी होत. कारण शोधलं तेव्हा कळलं की झोपेत उंदीर कुरतडतात आणि माणसाला जाग येत नाही. मग घरी जाणाऱ्या रुग्णांना मांजर द्यायची पद्धत पडली. पुढे अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठ रुग्णालयात ब्रँडने यंत्राने वेदना निर्माण करून पाहिली. हातमोज्यात दाब मोजणारी साधनं बसवली. दाब वाढला की इशारा मिळायचा, पुढे तर विजेचा झटका. तरी प्रयोग फसला. का? काम अर्धवट सोडायला लावणारा इशारा आला की माणसं तो बंद करून टाकत. खरी वेदना बंद करता येत नाही, आणि तिचा उपयोग तेवढ्यामुळेच आहे.

आणखी एक गोष्ट. स्पर्श एकटा जात नाही. डोळ्याच्या बुबुळाची संवेदना गेली, पापणीची नस अधू झाली की पापणी लवत नाही. धूळ आत राहते, डोळा कोरडा पडतो, जखमा होतात आणि दृष्टी जाते. नाकाच्या आतलं अस्तर खराब झालं की वास जातो. म्हणजे पाचांतलं सगळ्यांत स्वस्त समजून जे सोडायचं, ते जाताना बाकीच्यांनाही ओढून नेऊ शकतं.

हे झालं रुग्णाच्या कातडीचं. दुसरा स्पर्श लोकांचा. तोही जायचा. घरचे ताट वेगळं करत, मग खोली, मग गाव. ज्याला आपला हात कळत नाही, त्याला दुसऱ्याचा हातही मिळत नसे.

१९३६ मध्येच विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. तोवर देशातली अशी बहुतेक ठिकाणं मिशनऱ्यांची किंवा सरकारची असत. गांधीजींनी 'रचनात्मक कार्यक्रम' या पुस्तिकेत कुष्ठरुग्णांची सेवा हा स्वतंत्र मुद्दा घातला, त्यात दिवाणांच्या कामाचा नावानिशी उल्लेख आहे. तेव्हा औषध म्हणजे चालमोगऱ्याचं तेल. त्याची इंजेक्शनं दुखरी आणि गुण बेताचा. खात्रीचं औषध नसताना मनोहरजी रोज त्या जखमा धूत, बांधत होते, हे विसरायला नको.

१९३९ च्या सुमारास सेवाग्रामला परचुरे शास्त्री आले. संस्कृतचे पंडित, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले, गांधीजींची येरवड्यापासूनची ओळख, आणि अंगात कुष्ठरोग. आश्रमात इतर माणसं राहत होती, तेव्हा त्यांना ठेवून घेणं सोपं नव्हतं. पण गांधीजींनी ठेवलं. जवळच झोपडी बांधली. ती परचुरे कुटी आजही बापू कुटीच्या परिसरात बघायला मिळते. गांधीजी स्वतः त्यांच्या पायांना मालिश करत. त्याचं छायाचित्र तुम्ही कदाचित पाहिलंही असेल. शास्त्रीबुवा पुढे दत्तपूरला गेले आणि तिथेच त्यांचा शेवट झाला. त्या मालिशने रोग बरा झाला नाही, होणारही नव्हता. पण आसपासच्या लोकांना एक गोष्ट समोर दिसली: या माणसाला हात लावता येतो. याच जिल्ह्यात, हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी पुढे शेजारच्या वरोऱ्याला आनंदवन उभं केलं, त्याचीही पार्श्वभूमी हीच.

मग औषध आलं. १९४० च्या दशकाअखेरीस डॅप्सोनच्या स्वस्त गोळ्या मिळू लागल्या. १९५१ मध्ये गांधी स्मारक निधीतून वर्ध्याला गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झालं. डॉ. वार्डेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे पेच असा होता: गोळी आहे, पण रुग्ण येणार कसा? दात दुखला की माणूस दवाखान्यात जातो. पोट दुखलं तरी जातो. आपल्याला डॉक्टरकडे पाठवते ती वेदना. ज्या रोगात वेदनाच मरते, त्यात रुग्ण येतो तेव्हा बोटं वाकलेली असतात.

म्हणून उलटी वाट धरली. रुग्ण दवाखान्यात येत नाही ना, मग दवाखान्याने घरोघर जायचं. कार्यकर्ते गावागावांत फिरले. डोळे मिटायला सांगायचं, कापसाची बारीक वात अंगावर टेकवायची, आणि जिथे लागली तिथे बोट ठेवायला लावायचं. वात टेकली आणि बोट उठलंच नाही, तर तिथे संशय. सोबत लोकांना समजावणं, आणि सापडलेल्याला त्याच्याच गावात राहू देऊन गोळ्या. पाहणी, शिक्षण, उपचार ही पद्धत सेवाग्रामच्या परिसरात रुजली आणि पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाने उचलली. कापसाच्या जिल्ह्यात कापसाच्याच वातीने रोग शोधला गेला.

१९८१ नंतर अनेक औषधं एकत्र देण्याचा उपचार आला. देशात तो सर्वांत आधी ज्या जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत वर्धा होता. आज सहा महिने किंवा वर्षभराच्या गोळ्यांनी रोग बरा होतो आणि सरकारी आरोग्य केंद्रात त्या फुकट मिळतात. २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. कायद्याला मात्र वेळ लागला. कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं ते २०१९ मध्ये काढलं. रोग संपला असंही समजू नका. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आजही भारतातले आहेत.

एक गोष्ट गोळीने होत नाही. जंतू मरतो, पण मेलेली नस सहसा परत येत नाही. बऱ्या झालेल्या माणसालाही रोज संध्याकाळी पाय पाण्यात भिजवून, तेल लावून, तळवे उलटे करून बघावे लागतात. कुठे काटा, कुठे फोड, कुठे चीर. मऊ रबराच्या खास चपला घालाव्या लागतात. तुमची-आमची त्वचा जे काम झोपेतही करते, ते त्याला डोळ्यांनी, आठवणीने, जन्मभर करावं लागतं.

तर सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. डोळे किंवा कान गेले की माणसाला कळतं आणि तो काठी, खूण, माणूस असा काही आधार शोधतो. वास गेलेला कळतो, कोविडमध्ये अनेकांना कळला. स्पर्श जातो तेव्हा गेल्याचंच कळत नाही. सोडायला सगळ्यांत सोपं वाटणारं इंद्रिय सांभाळायला सगळ्यांत अवघड निघतं, ते यासाठी.

एक काम मात्र आज करा. अंगावर न खाजणारा, न दुखणारा चट्टा असेल, स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्या, तर तिथे कापसाची वात लावून बघा. कळली नाही तर जवळच्या आरोग्य केंद्रात जा. दुखायची वाट बघू नका, ते दुखणार नाही.

भेटू पुढच्या भागात.